ज्येष्ठांची वसाहत पारखताना तीन दिवस डोळ्यांसमोर ठेवा

रविवारी सकाळी साइट बघायला गेलं की सगळंच आवडतं. नमुना फ्लॅटमध्ये पांढरे पडदे हलत असतात, चहाबरोबर बिस्किटं येतात, चालायच्या रस्त्याकडेला बोगनवेल फुललेली असते. यातलं काही खोटं नसतं, पण ते धडधाकट माणसाच्या चांगल्या दिवसाचं चित्र असतं. ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीच्या जमेच्या आणि उण्या बाजू तोलताना तीन दिवस डोळ्यांसमोर ठेवावेत: आजचा दिवस, बाथरूममध्ये पाय घसरल्यानंतरचा दिवस आणि दोघांपैकी एकच जण मागे उरल्याचा दिवस. बहुतेक कुटुंबं पहिल्या दिवसावर घर पसंत करतात आणि उरलेल्या दोन दिवशी अडकतात.

सुरुवात वहीच्या दोन पानांनी करा. एक पान आईचं, एक बाबांचं. दोघांची यादी एकच होत नाही. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात राबलेल्या आईला तयार जेवण म्हणजे सुटका वाटते. बाबांचा संध्याकाळचा कट्टा, ओळखीची बँक, मंडईची फेरी तुटते. एकत्र यादी केली की ज्याचा आवाज मोठा, त्याचीच बाजू कागदावर उतरते.

कागद आधी, साइट नंतर

आधी व्यवहाराचा प्रकार समजून घ्या. पुण्याच्या आसपास, तळेगाव-लोणावळ्याच्या पट्ट्यात किंवा कर्जत-नेरळकडे साधारण तीन प्रकार दिसतात. एक, फ्लॅट विकत घ्यायचा आणि जेवण, सफाई, आरोग्यसेवा यांचं मासिक शुल्क वेगळं द्यायचं. दोन, मोठी परतीची ठेव देऊन राहण्याचा हक्क घ्यायचा. तीन, निव्वळ महिन्याच्या भाड्यावर राहायचं. विकत घेताना पैसा मालमत्तेत राहतो, पण जागा मानवली नाही तर बाहेर पडणं अवघड होतं. ठेवीच्या व्यवहारात बाहेर पडणं सोपं, पण ती ठेव म्हणजे चालकाला दिलेलं विनातारण कर्जच. तो आर्थिक अडचणीत आला तर तुम्ही घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहता. ठेव किती दिवसांत परत मिळेल, त्यातून काय काय कापलं जाईल आणि मृत्यूनंतर ती कोणाच्या नावे निघेल, हे करारात आकड्यांनिशी हवं. भाड्याच्या प्रकारात जोखीम सर्वांत कमी, मात्र करार नोंदणीकृत करून घ्या. अशा लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, नोंदणी महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे.

बांधकाम चालू असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून बघा: ताबा कधीचा कबूल केलाय, मुदत किती वेळा वाढवली, कोर्टात काही चालू आहे का. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले आहेत. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, जिने किमान १५०० मिलिमीटर, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, लिफ्टमध्ये व्हीलचेअर जाईल अशी सोय, असे ते निकष आहेत. जाहिरातीत ‘सीनियर लिव्हिंग’ लिहिलं म्हणून ते आपोआप पाळले गेले असं समजू नका. विक्री करारात ते शब्दशः उतरले आहेत का, हे वाचून घ्या.

टेप घेऊन बाथरूममध्ये जा

दिवाणखाना पाच मिनिटांत बघून होतो. वेळ द्यायचा तो बाथरूमला, कारण म्हातारपणात पडण्याचा धोका तिथे मोठा असतो.

दरवाजा पूर्ण उघडा आणि दाराच्या पाखापासून समोरच्या चौकटीपर्यंतची मोकळी जागा मोजा. चौकट ९० सेंटिमीटरची असली तरी दाराची जाडी आणि बिजागरी वजा जाता मोकळी वाट कमीच उरते. साधी व्हीलचेअर ६५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते आणि ती ढकलणाऱ्याची बोटं, कोपर यांनाही जागा लागते. दार बाहेर उघडतं का, तेही बघा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि मदतीला आलेला बाहेर उभा राहतो. कडी बाहेरून उघडता आली पाहिजे. उंबरा दोन सेंटिमीटरचा असला तरी वॉकरचं पुढचं टोक तिथे अडकतं.

कमोडच्या बैठकीची उंची जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर हवी. त्याहून खाली असेल तर दुखऱ्या गुडघ्यांनी उठताना माणूस हात शोधतो आणि हाताला लागतो तो टॉवेलचा रॉड, जो भार पेलण्यासाठी बसवलेलाच नसतो. म्हणून आधाराची दांडी हवी, आणि ती पकडून खरोखर लोंबकळून बघा. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, भिंतीत साध्या गिट्टीवर (स्क्रूसाठी भोकात ठोकतात त्या प्लगवर) स्क्रू मारून बसवलेली दांडी दिसायला चकचकीत असते, पण भार आला की गिट्टीसकट बाहेर येते. तिथे आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर (रसायनाने भिंतीत घट्ट चिकटवलेला बोल्ट) लागतो. फरशी ‘अँटी-स्किड’ आहे असं सांगितलं तर तांब्याभर पाणी आणि थोडा साबण टाकून ओल्या चपलेने पाय सरकवून बघा, दुसऱ्या हाताने काहीतरी धरून.

आता घंटा. बिछान्याशेजारी असतेच; बाथरूममध्ये बहुतेक वेळा कमोडजवळ, छातीच्या उंचीवर लावलेली असते. खाली पडलेल्या माणसाला ती पोहोचत नाही. दोरी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत लोंबत हवी. ती ओढा आणि घड्याळ लावा: कुठे वाजते, कोण येतं, किती मिनिटांनी येतं. वीज गेल्यावर ती चालते का, जनरेटरवर लिफ्ट किती वेळ चालते, हे व्यवस्थापकाऐवजी तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारा.

आठवडाभर राहून बघा, शक्यतो पावसाळ्यात

चांगली वसाहत पैसे घेऊन आठ-दहा दिवस राहू देते. जी देत नाही, तिच्या नावापुढे मोठी उणी खूण करा. पावसाळा अशासाठी, की गळती, बुरशी, जाणारी वीज, घसरडे रस्ते आणि घरात कोंडलेली माणसं हे सगळं तेव्हाच दिसतं. एकदा रात्री दोन वाजता उठून बघा: रात्रपाळीची नर्स जागी आहे का, की ‘चोवीस तास नर्स’ म्हणजे दरवाजावरचा सुरक्षारक्षक?

जेवण तीन दिवस सलग जेवा. मधुमेहाचं पथ्य, कमी मिठाचं, चावता न येणाऱ्यासाठी मऊ भात असं वेगळं ताट खरंच निघतं, की तीच भाजी पाणी घालून येते, हे तेव्हाच कळतं. ताप आल्यावर डबा खोलीत आणून देतात का आणि त्याचे जादा पैसे घेतात का, हेही विचारा.

जेवणाच्या दालनात बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट बघा: वॉकर किंवा काठी घेऊन किती जण येतात? दहा-बारा वर्षं जुन्या वसाहतीत एकही वॉकर दिसत नसेल तर आनंदून जाऊ नका. थकलेली माणसं कुठे गेली, हे विचारा. अनेक ठिकाणी नियम असा असतो की स्वतःचं स्वतः करता येतं तोवरच राहायचं. अंथरुणाला खिळल्यावर किंवा विस्मरणाचा आजार वाढल्यावर ‘कुटुंबाने दुसरी सोय करावी’ हे वाक्य करारात मागे कुठेतरी असतं. माणूस सर्वांत दुबळा असताना त्याला पुन्हा घर बदलायला लावणारी वसाहत, हॉल कितीही सुंदर असला तरी, आमच्या मते बाद. ‘असिस्टेड लिव्हिंग’ (रोजच्या कामांत मदत लागणाऱ्यांसाठीची सोय) उपलब्ध म्हटलं तर तिथल्या खाटा मोजा, आज किती भरल्या आहेत विचारा, आणि ती खोली बघा. बांधकाम ‘पुढच्या टप्प्यात’ असेल तर ती सोय नाही असंच धरा.

दवाखान्याचं अंतर मिनिटांत मोजा

माहितीपत्रकात ‘हॉस्पिटल ६ किलोमीटर’ असतं. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला स्वतः गाडी घेऊन निघा आणि मिनिटं मोजा. लोणावळ्याच्या बाजूला असाल तर हीच फेरी शनिवारी करा. पर्यटकांच्या गर्दीत रस्ता निराळाच असतो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा. म्हणजे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं, हृदयाच्या तातडीच्या अँजिओप्लास्टीची सोय असलेलं रुग्णालय किती लांब, हा प्रश्न आहे. कोपऱ्यावरचा दहा खाटांचा दवाखाना या हिशेबात धरू नका. आवारात रुग्णवाहिका उभी असेल तर रात्री चालक कुठे झोपतो ते विचारा. तो गावात राहत असेल तर १०८ ला फोन करणंच बरं. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतखाली वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. जवळचं रुग्णालय त्या योजनेत आणि तुमच्या विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, हे तिथल्या खिडकीवर विचारून या.

मुलं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात असतील तर एक प्रश्न टाळू नका: रुग्णालयात दाखल करताना नातेवाईक म्हणून सही कोण करणार? काही वसाहती सोबत माणूस पाठवतात, काही फक्त फाटकापर्यंत येतात. पुण्या-मुंबईतला भाचा, पुतणी, जुना शेजारी यांच्यापैकी दोघांची नावं त्यांच्या संमतीने कार्यालयात लिहून द्या. वैद्यकीय इच्छापत्रही, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, याच वेळी करा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

आजचा खर्च पाहू नका, वीस वर्षांचा काढा

समजा, दोघांचं मासिक शुल्क आज ३०,००० रुपये आहे आणि ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतं. दहा वर्षांनी ते जवळपास ६५,००० होतं, वीस वर्षांनी १,४०,००० च्या घरात जातं. आज वय ६८ असेल तर तो आकडा ८८ व्या वर्षी भरायचा आहे, आणि बहुतेकांचं पेन्शन किंवा व्याज तितकं वाढत नाही. म्हणून वाढीची कमाल मर्यादा करारात मागा. ‘प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ असं लिहिलेलं असेल तर एखाद्या रहिवाशाकडून मागच्या पाच वर्षांची बिलं बघायला घ्या. लोक आनंदाने दाखवतात. जीएसटी धरलाय का? पूर्णवेळ मदतनीस लागली तर ती ब्यूरोतून आपण आणायची की वसाहतीचीच घ्यावी लागते? हा खर्च शुल्काइतकाच, कधी त्याहून जास्त असतो, आणि तो नेमका दुसऱ्या दिवशी, म्हणजे पडल्यानंतर, सुरू होतो.

तिसऱ्या दिवसाचे प्रश्न अवघड वाटतात, तरी विचारायचेच. एकटीच आई राहिली तर शुल्क निम्मं होतं की पाऊणपट? छोट्या घरात बदलून मिळतं का? वारस पन्नाशीचा असेल तर तो मालक होऊ शकतो, पण राहू शकतो का? बऱ्याच वसाहतींत वयाची अट असते; म्हणजे फ्लॅट कुलूपबंद पडतो, शुल्क मात्र चालू राहतं, आणि विकायचा तर गिऱ्हाईकही ज्येष्ठच शोधावं लागतं.

जुनं घर लगेच विकणं ही सर्रास होणारी चूक. ते अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या आणि वर्ष जाऊ द्या. मुलांच्या नावे करून द्यायचंच असेल, तर आमची देखभाल केली जाईल ही अट बक्षीसपत्रात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशा अटीवरच उभं आहे. ती पाळली गेली नाही तर न्यायाधिकरणाकडे हस्तांतरण रद्द करून मागता येतं.

वहीतल्या दोन्ही बाजू तोलताना

जमेचं मोकळेपणाने लिहा. दाराबाहेरची दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत उचलली नाही तर कोणीतरी दार वाजवतं, ही साधी गोष्ट शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये मिळत नाही. प्लंबर शोधायला लागत नाही. भजनाला, ब्रिजला, गणपतीच्या आरतीला माणसं जमतात. उण्या बाजूला लिहा की आजूबाजूला सगळेच म्हातारे, ओळखीचं माणूस वारंवार जातं, नातवंडं वर्षात किती दिवस राहू शकतील यावर मर्यादा असते. घोळक्यात न रमणाऱ्याला हे फार लागतं.

मग खुणा मोजत बसू नका. उण्या बाजू तीन रंगांत रंगवा. पैशाने सुधारणाऱ्या, जसं दांडी, दोरी, फरशी. सवयीने कमी होणाऱ्या, जसं जेवणाची चव किंवा नवे शेजारी. आणि कशानेच न हलणाऱ्या: रुग्णालयाचा रस्ता, अरुंद लिफ्ट, अंथरुणाला खिळल्यावर बाहेर काढणारं कलम. तिसऱ्या रंगातली एक खूणही नकारासाठी पुरेशी आहे.

टोकन देण्याआधी सगळे प्रश्न ईमेलने पाठवा आणि उत्तरं लेखी मागा. ‘बघू’, ‘करून देऊ’ अशा उत्तरांसमोर ‘नाही’ लिहा. बांधकाम चालू प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याने मनाई आहे, तेव्हा ‘आजच भरा, उद्या दर वाढेल’ याला बळी पडू नका. कराराचा मसुदा घरी आणा, आठवडाभर ठेवा आणि वकिलाला सगळ्यात आधी सेवा बंद करण्याचं कलम वाचायला सांगा.