स्थलांतरित रुग्णाचा विमा-अर्ज भरून देताना

अमेरिकेतील सामुदायिक दवाखान्यात स्थलांतरित रुग्णाचा आरोग्यविम्याचा अर्ज भरायला बसल्यावर कागदपत्रे मागण्याआधी एकच गोष्ट विचारावी: घरातल्या कोणाकोणाला विमा हवा आहे? एकाच घरात आईच्या व्हिसाची मुदत संपलेली, वडिलांना ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षे झालेली आणि मूल जन्माने अमेरिकी नागरिक, असे असू शकते. केवळ मुलासाठी अर्ज करणाऱ्या आईला स्वतःचा स्थलांतर-दर्जा किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागत नाही. कुटुंबातील माणसे आणि उत्पन्न मात्र लिहावे लागते. वडिलांना 1996 च्या कायद्यामुळे मेडिकेडसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्यासाठी, सहसा पाच वर्षे थांबावे लागते, पण उत्पन्नानुसार अनुदान मिळवून सरकारी विमा-बाजारपेठेतील (मार्केटप्लेस) खासगी विमा घेण्याचा मार्ग तपासता येतो. मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी अनेक राज्यांनी ही पाच वर्षांची अट काढली आहे. 2025 च्या कायद्याने निर्वासितांसह अनेक गटांचे मेडिकेडचे हक्क 1 ऑक्टोबर 2026 पासून आवळले असल्याने, टेबलावर चिकटवलेल्या जुन्या तक्त्यावर विसंबू नये.

अर्जातली माहिती स्थलांतर-अधिकाऱ्यांकडे जाईल या भीतीचा विषय रुग्णाने काढण्याची वाट पाहू नये. ‘तुमची माहिती कोणाकडेही जाणार नाही’ असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. 2025 मध्ये मेडिकेडची माहिती स्थलांतर-कारवाई करणाऱ्या अंतर्गत सुरक्षा खात्याला दिली गेल्यानंतर ते वाक्य प्रामाणिकपणे उच्चारता येत नाही. अर्जात काय लिहिले जाईल हे आधी सांगावे, शंका असल्यास स्थलांतर-कायद्याच्या वकिलाकडे पाठवावे आणि निर्णय रुग्णावर सोडावा. हे बोलणे प्रशिक्षित दुभाष्यामार्फत व्हावे. शाळकरी मुलाला आईच्या व्हिसाबद्दल बोलायला लावणे गैर आहे.

मराठी रुग्णांच्या बाबतीत नावाची अडचण हमखास येते, कारण पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव पहिल्या नावालाच जोडलेले असते आणि पगाराच्या पावतीवर ते गळलेले असते. अर्जात नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसेच, अक्षर न अक्षर, लिहावे. जुळले नाही तर पुरावे मागणारे पत्र येते.

मेडिकेडचा अर्ज वर्षभर करता येतो, बाजारपेठेतील नोंदणी बहुतेक राज्यांत 1 नोव्हेंबरला सुरू होते. कशातच न बसणाऱ्या रुग्णाला दवाखान्याच्याच, उत्पन्नानुसार ठरणाऱ्या सवलतीच्या शुल्काचा अर्ज त्याच बैठकीत भरून द्यावा.