पालकाच्या पानातून रिमोटचा उजेड कसा पाहावा

लक्ष्मी मंडईतून पालकाची ताजी जुडी आणा. घरातला टीव्हीचा रिमोट, मोबाइल आणि सुई नसलेली २० मिलीची सिरिंज घ्या. आठवीच्या वर्गाला प्रकाश शिकवताना मी सुरुवात इथूनच करते.

खोलीत अंधार करा. रिमोटचं तोंड मोबाइलकडे धरून बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर सेल्फीचा कॅमेरा लावून बघा. हे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बहुतेक रिमोटमध्ये ९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे असतात.

आता रिमोटच्या दिव्यावर पान घट्ट टेकवा. ठिपका जाणार नाही, पसरट होईल. मग टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून तेच पान धरा. पान खूप गडद दिसेल, कारण ६६० ते ६८० नॅनोमीटरचा लाल प्रकाश हरितद्रव्य खाऊन टाकतं. कॅमेरा उजेड आपोआप कमीजास्त करतो, म्हणून यातून आकडे काढू नका.

अवरक्त मात्र हरितद्रव्य शोषत नाही. ७०० ते १३०० नॅनोमीटरमध्ये पान साधारण निम्मा प्रकाश परत फेकतं, जवळपास तितकाच पलीकडे सोडतं, शोषतं फारच थोडा. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात हे फार मोलाचं आहे. सूर्याची जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्तात असते. ती सगळी शोषली असती तर पान किती तापलं असतं!

पण ठिपका का पसरतो? पानाच्या आत पेशींच्या मधे हवेच्या पोकळ्या असतात. पेशीभित्तीचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळेल ते ठरवणारा आकडा) सुमारे १.४, हवेचा १. दर सीमेवर किरण वळतो.

हे पडताळता येतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. पानाचे छोटे तुकडे सिरिंजमध्ये घाला, भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकलेलं पाणी ओढा, उरलेली हवा बाहेर काढा. तोंड बोटानं दाबून दट्ट्या मागे खेचा, सोडा. असं करत राहा. पोकळ्यांत पाणी शिरलं की तुकडे बुडतात, गडद आणि काचेसारखे दिसतात. असा तुकडा रिमोटवर ठेवला की ठिपका पुन्हा बराच रेखीव होतो.

शेवटी पाणी न शिरलेल्या पालकाच्या पानांची चळत लावा. पांढरा टॉर्च दुसऱ्या-तिसऱ्या पानातच मंदावतो, अवरक्त पुढे जात राहतो. खालच्या पानांवरून परतणारा अवरक्तही वर येतो, म्हणून दाट पीक उपग्रहाला अवरक्तात जास्त उजळ दिसतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर लांब-रुंद असतो. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत तेवढ्यात काही झाडं आणि मधली उघडी जमीन एकत्र येते. उपग्रहाच्या चित्रावरून केलेला पिकाचा नकाशा वाचताना झाडांच्या ओळींमधलं अंतर आधी विचारा.