दिव्यांग लेकरांच्या घरी जाताना या चुका टाळा

आमच्या मिशनच्या गाडीवर दरवर्षी दोन-चार नवीन पोरं-पोरी येतात, मनापासून काम करायचं असतं त्यांना, आणि दरवर्षी त्याच त्या चुका होतात. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसच्या बाजूला बारा वर्षं हेच करते. गावात जायचं, ज्या घरात हातापायानं अधू लेकरू आहे तिथं बसायचं, व्यायाम शिकवायचे, बूट-खुर्ची बघायची, कागदपत्रं करून द्यायची. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात आणि त्याचं नुकसान लेकरांनी सोसलंय, म्हणून जरा तळमळीनं लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त मायलाच शिकवणं. आपण जातो तेव्हा माय समोर बसते, मान हलवते, हाव म्हणते, आपल्याला वाटतं झालं काम. पण आपल्याकडं माय घरी असते कधी? पावसाळ्यात निंदण, मग सोयाबीन, आणि दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढंपर्यंत कापूस वेचणी. किलोवर मजुरी मिळते, त्यात खाडा कोणाला परवडतो.

एका घरी क्लबफूटचं लेकरू होतं, चार महिन्यांचं, एक पाय जन्मापासून आत वळलेला. पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलत सहा प्लास्टर झाले, टाचेमागची शीर सैल करायचा छोटा काप झाला, शेवटचं प्लास्टर तीन आठवडे राहिलं आणि दिवाळीच्या आधी बूट मिळाले, मधे आडवी पट्टी असते ते. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास घालायचे आणि नंतर झोपताना, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. हे मी मायला तीनदा सांगितलं, कागदावर घड्याळ काढून दिलं. दीड महिन्यानं गेले तर बूट खुंटीवर, कमरेला बांधायच्या वेचणीच्या फडक्याशेजारी. लेकरू आजीच्या मांडीवर. आजी म्हणाली, "दिवसभर रडते ना जी ते, अन् पाय तं सरळ झाला आता, कायले डांबून ठेवता त्याले? अन् दुसरा पाय तं चांगलाच हाये, त्याले कायले बूट?" माय रात्री आली की घालायची, म्हणजे 23 तासांचे नऊ-दहा झाले होते. टाच वर चढायला लागली होती, पाय परत आत. पुन्हा चार प्लास्टर, दरवेळी एसटीनं यवतमाळ, दोघांची मजुरी बुडाली. आजीचं काहीच चुकलं नव्हतं, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सांगायला पाहिजे होतं मी.

तेव्हापासून कोणत्याही घरी माझा पहिला प्रश्न एकच, दुपारी बारा वाजता हे लेकरू कोणाजवळ असतं? आजी असो, दहा वर्षांची बहीण असो, शेजारची काकू असो, त्या माणसानं माझ्यासमोर स्वतःच्या हातानं तीनदा बूट घालायचे आणि काढायचे. पट्टा कितव्या भोकात जातो तिथं मी लाल नेलपॉलिशचा ठिपका देते, म्हाताऱ्या डोळ्यांना तो दिसतो. एक पाय चांगला असला तरी दोन्ही बूट का, तर आडवी पट्टी दोन्ही पायांना धरून असते म्हणूनच वाकडा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला राहतो. हे आजीला सांगितलं की पटतं, फक्त सांगावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस लेकरू रडणारच, त्याला दोन्ही पाय एकदम हलवता येतात हे कळलेलं नसतं, पट्टी धरून दोन्ही गुडघे एकत्र वाकवायचा-सरळ करायचा खेळ करा, शिकतं ते. आणि टाचेला फोड आला तर सगळे पट्टा सैल करतात, ते उलटं आहे, बहुतेक वेळा बूट सैल असतो म्हणून टाच आत सरकते आणि घासते. प्लास्टर असताना बोटं रोज बघायची, निळी पडली, थंड लागली किंवा प्लास्टरच्या आत जाऊन दिसेनाशी झाली तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

लंगडणाऱ्या प्रत्येक लेकराला पोलिओ म्हणू नका. गावात अजून म्हणतात, आपणही त्यांच्यासारखं म्हणायला लागतो. भारतात पोलिओचा शेवटचा पेशंट 13 जानेवारी 2011 चा आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आज दहा वर्षांच्या पोराचे पाय ताठ असतील तर बहुतेक ते सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असतं, मेंदूला इजा झालेली, पायाला नाही. नाव चुकलं की व्यायामही चुकतो, आणि घरात सासू सुनेला वर्षानुवर्षं ऐकवत राहते की तूच डोस चुकवला.

आता खुर्ची. यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. एका शिबिरात सात वर्षांच्या सीपीच्या पोराला व्हीलचेअर मिळाली, यादीत त्याचं नाव मीच टाकलं होतं, बॅनर, हार, फोटो सगळं झालं. पाच महिन्यांनी गेले तर खुर्ची अंगणात, तिच्यावर तुरीचं पोतं, आणि पोरगं आत गोधडीवर आडवं. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची. त्याला बसवून बघितलं तर पाय फळीपासून वीतभर वर लोंबत होते, खाली घसरत घसरत एक खांदा हाताच्या दांड्याखाली गेला. दाराची चौकट खुर्चीपेक्षा दोन इंच अरुंद, म्हणजे ती घरात कधी गेलीच नव्हती. बाहेर काळी माती, जुलैत पुढची छोटी चाकं रुतली की दोन माणसांना उचलावी लागते. बापानं मला एक शब्द वाकडा बोलला नाही, उलट चहा केला, त्याचं जास्त लागलं.

मग गावच्याच सुताराकडून लाकडी खुर्ची करून घेतली, त्या पोराच्या मापाची, पुढं ताट ठेवायला फळी, छातीला रुंद कापडी पट्टा. आता मी टेप घेतल्याशिवाय कोणाचं नाव लिहीत नाही. लेकराला कडक पाटावर बसवायचं, कमरेची रुंदी अधिक दोन्ही बाजूला बोटभर, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजून त्यातून दोन बोटं कमी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बसल्यावर कोपर किती उंचीवर येतं ते. नंतर दार, उंबरठा, न्हाणी आणि घरापासून रस्त्यापर्यंतची वाट. नवीन पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, ताई इतका वेळ एका घरात का म्हणतात. एका दिवसात इतक्या खुर्च्या वाटल्या हे सांगायला बरं वाटतं, पण त्यातल्या किती खुर्च्यांवर लेकरू बसलंय ते सांगा.

भरवण्याचं कोणी बघतच नाही. सीपीच्या लेकराला मांडीवर आडवं घेऊन, मान मागं टाकून पातळ दूध-वरण ओततात, लवकर आटपतं म्हणून. ते श्वासाच्या नळीत जातं, आणि मग छाती सारखी का भरते म्हणून दवाखान्याच्या चकरा. सरळ बसवा, मान किंचित पुढं, चमचा समोरून आणि खालून आणा, पातळाऐवजी घट्ट वरण-भात द्या, जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. व्यायामाआधी मी जेवण बघते, एकदा तरी जेवणाच्या वेळेला त्या घरी जातेच.

ताठ पाय जोर लावून ओढू नका. हळू, धरून ठेवा, सैल होऊ द्या.

वेचणीच्या दिवसांत आणि बाजाराच्या दिवशी शिबिर ठेवू नका. मे महिन्यात गेलात तर सकाळी दहाच्या आत काम संपवा. आणि यादी कुठून सुरू करायची हे विचारत असाल तर अंगणवाडीतून, तिथं वर्षातून दोनदा आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) टीम लेकरं तपासून जाते, सेविकाताईंना प्रत्येक घर माहीत असतं.

प्रार्थनेबद्दल. मी श्रद्धेनंच या कामात आले, सकाळी गाडी निघायच्या आधी आम्ही प्रार्थना करतो. पण कोणाच्या ओट्यावर बसून "विश्वास ठेवा, लेकरू चालेल" असं बोलू नका. ती माय आधीच चार ठिकाणी नवस बोलून, दोऱ्या बांधून थकलेली असते, तुमच्या शब्दावर ती व्यायाम सोडून वाट बघत बसते. घरच्यांनी स्वतःहून म्हटलं तर जरूर करा, व्यायाम झाल्यावर. मदतीच्या बदल्यात काही मागितलं असं एकदा जरी तांड्यावर पसरलं तर सगळी दारं बंद होतात, आणि व्हायलाच पाहिजेत.

कागदांत एकच सांगते, जिल्ह्याला पाठवायच्या आधी आधार उघडून बघा. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे अपडेट केलेले नसतात, नावात मात्रा वेगळी असते, आणि दिवसभराची मजुरी बुडवून गेलेला बाप हात हलवत परत येतो. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, स्वावलंबन पोर्टलवर होतं, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर एसटीत 75 टक्के सवलत मिळते. सीपी असेल तर निरामय विमा पण काढा, वर्षाला एक लाखापर्यंत मिळतो, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो, हे अर्ध्या गावांना माहीतच नाही.

आणि एकदा माप घेतलं म्हणजे झालं असं समजू नका, लेकरं वाढतात. बूट, एएफओ (पाय-घोटा सरळ धरणारा प्लॅस्टिकचा आधार), खुर्ची सगळं सहा-आठ महिन्यांनी परत बघायचं. मी निघताना पुढच्या भेटीची तारीख त्यांच्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते आणि त्या दिवशी जाते, हातात द्यायला काही नसलं तरी जाते. त्या पोराची लाकडी खुर्ची आता त्याला आखूड पडते, गुडघे फळीला लागतात. पोळ्याच्या आधी सुताराला घेऊन नवीन माप घ्यायचं ठरलंय.