पोटाच्या सोनोग्राफीला येताना

"उद्या उपाशी या" असं सांगितलं की काही लोकांना "उपवास करून या" असं ऐकू येतं. मागच्या एकादशीला सकाळी साडेआठला एक मावशी टेबलावर झोपल्या. पोटावर प्रोब (सोनोग्राफीचं हातातलं यंत्र) ठेवला तर पित्ताशय आक्रसून करंगळीएवढं झालेलं. "मावशी, काही खाल्लंय का?" "छे हो, उपास आहे माझा. वाटीभर खिचडी तेवढी." साबुदाण्याची, वर तूप, दाण्याचं कूट. परत पाठवावं लागलं.

पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली सात ते दहा सेंटिमीटरची पिशवी. यकृत दिवसभरात अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, त्यातलं काही पोट रिकामं असताना या पिशवीत साठून घट्ट होतं. तूप-तेल आतड्यात पोचलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पिशवी पिळली जाते. पिळलेल्या पिशवीची भिंत जाड दिसते. एरवी ती तीन मिलिमीटरच्या आत असते. जाड दिसली तर सूज म्हणायची की खिचडी, हे मला पडद्यावरून सांगता येत नाही. बारके खडेही त्या घड्यांत लपतात.

म्हणून आदल्या रात्री आठ-साडेआठपर्यंत हलकं जेवा आणि तिथून तपासणीपर्यंत, म्हणजे कमीत कमी सहा ते आठ तास, काही खाऊ नका. जेवणात हरभरा, वाटाणा, कोबी, राजमा नको, सोडा तर नकोच. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी पोटातल्या हवेतून पलीकडे जात नाहीत, आणि स्वादुपिंड नेमकं जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं पडलेलं असतं. पुढे गॅस असला की रिपोर्टात "स्वादुपिंड नीट दिसलं नाही" एवढंच लिहावं लागतं. सकाळचा "अर्धाच कप" चहासुद्धा नको, त्यात दूध असतं. विडी, मिश्री, तंबाखू, च्युइंगगम हेही राहू द्या. चघळताना आणि ओढताना हवा गिळली जाते. साधं पाणी चालतं. कधी कधी तर मीच दोन ग्लास प्यायला लावतो, कारण पाण्याने भरलेल्या जठरातून मागचं स्वादुपिंड बघता येतं.

मधुमेह असेल तर नंबर लावतानाच सांगा आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसणं धोक्याचं आहे. सकाळचा डोस कधी आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. थरथर, दरदरून घाम सुटला तर सरळ साखर खा, तपासणी पुन्हा होईल. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली तरी अडत नाही. पोटात असह्य कळा, थंडी-ताप, डोळे पिवळे असं एकत्र असेल तर उपाशी राहण्याची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.

चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा. "अपर अँब्डोमेन" (पोटाचा वरचा भाग) असेल तर लघवी तुंबवून ठेवायची गरज नाही. "पेल्व्हिस" (ओटीपोट)ही असेल तर तासभर आधी भरपूर पाणी पिऊन रोखून धरा. चिठ्ठीबरोबर जुने रिपोर्ट, बिलिरुबिन (काविळीची), लायपेज (स्वादुपिंडाची) अशा रक्ताच्या तपासण्या, जे काही झालं असेल ते आणा. पित्ताशय काढलेलं असेल तर ते आधी सांगा. एका काकांच्या पोटात मी बराच वेळ ते शोधत होतो आणि काका शांतपणे छताकडे बघत होते. शिवाय पित्तनलिका साधारण सहा मिलिमीटरपर्यंत असते, पण पित्ताशय काढलेल्यांत ती दहापर्यंतही रुंद असू शकते. ते माहीत नसलं तर उगाच शंका येते.

सीटी स्कॅनची तयारी वेगळी. आयोडीनचं इंजेक्शन द्यायचं असल्यास क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट लागतो. दमा, पूर्वीच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असणं या तिन्ही गोष्टी सांगायच्या. इंजेक्शन जाताना अंगभर गरम वाटतं, घाबरू नका. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) पित्तनलिका बिनइंजेक्शनच्याच पांढऱ्या उजळतात, पण ते मोठं चुंबक आहे. जोडवी, मंगळसूत्र, पिना, कंबरेच्या करदोट्यातला ताईत, सगळं घरीच काढून या. निघत नसलेली जोडवी आदल्या रात्री साबण लावून काढा. पेसमेकर असेल तर फोनवरच सांगा.

टेबलावर आल्यावर तुमचं काम एकच: श्वास भरा म्हटलं की पोटभर भरा आणि धरून ठेवा. यकृत बरगड्यांखालून खाली सरकतं आणि दिसायला लागतं. जेल गार लागतो, जुना टॉवेल आणा.

त्या मावशी दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी आल्या. पित्ताशय टम्म भरलेलं, भिंत दोन मिलिमीटर, आत वाटाण्याएवढा एक ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली. डाव्या कुशीवर वळवलं तर तो घरंगळला, म्हणजे खडाच. मस्सा (भिंतीला चिकटलेली छोटी वाढ) असता तर जागचा हलला नसता. बाहेर नातू पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. रिपोर्ट हातात पडेपर्यंत मावशींनी तो संपवलाही.