कुलंट कधी बदलायचं? बाटलीतली पातळी पाहून ठरवू नका

बॉनेट उघडलं, बाटलीतलं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मधे दिसलं, की आपण निश्चिंत होतो. पण पातळीवरून कळते फक्त गळती. कुलंट जुनं झालंय की नाही, हे त्यावरून कळत नाही.

कुलंटमध्ये साधारण निम्मं इथिलीन ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि थोडी गंजरोधक रसायनं असतात. ग्लायकॉल बरंच टिकतं, गंजरोधक मात्र वापरात संपत जातात. मग इंजिनचं अॅल्युमिनियमचं हेड, रेडिएटर, वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप) आतून गंजायला लागतात आणि कचरा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. तापमानाचा काटा वर चढतो तो नेमका भर उन्हात घाट चढताना.

'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, साधं पाणी चालतं,' हे गॅरेजमध्ये अजूनही ऐकू येतं. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाहीच. प्रश्न उकळण्याचा आणि गंजाचा आहे. त्यात बोअरचं पाणी घातलं, तर गिझरच्या कॉइलवर बसतो तसा क्षार इंजिनात बसतो.

मुदत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, तीच खरी. ढोबळमानाने जुन्या पद्धतीचं कुलंट दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटर, तर ऑरगॅनिक अॅसिड प्रकारचं पाच वर्षांच्या आसपास चालतं. सेकंडहँड गाडीची नोंद नसेल तर सरळ बदला. गंजकट रंग किंवा गाळ दिसला तर मुदतीची वाट पाहू नका. तेलाचा तवंग दिसला तर मात्र आधी मेकॅनिक गाठा, कारण हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेलेलं असू शकतं.

खरेदी करताना रंगावर जाऊ नका. दोन हिरवी कुलंटं वेगळ्या जातीची असू शकतात. डब्यावरचा प्रकार मॅन्युअलशी जुळवा. मग घरी बदलायचं ते असं:

1. इंजिन पूर्ण थंड हवं. सकाळची वेळ उत्तम. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कुलंट तोंडावर उडतं.

2. खाली ट्रे ठेवून रेडिएटरचा ड्रेन कॉक सोडा. कॉक नसेल तर खालचा होज पाइप काढा.

3. कॉक बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा, झाकण लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवा. थंड होऊ द्या, मग काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करा.

4. इथे बरेच जण फसतात. धुतल्यावर थोडं पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्ये उरतंच, त्यामुळे तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कुलंट घ्या. मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मं आधी ते घाला, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा.

5. हवा काढा. झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन आयडलला. बुडबुडे थांबेपर्यंत भर घालत राहा, मग झाकण लावा. काही गाड्यांना यासाठी वेगळा ब्लीड स्क्रू असतो. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीचं कुलंट घरी काढू नका.

काढलेलं कुलंट चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. ट्रे उघडा सोडू नका, गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून वर नाव लिहा आणि गॅरेजला द्या, पण जुन्या ऑइलमध्ये मिसळू नका.