तिसरा रकाना

जुन्या करारातली जी माणसं आणि घटना ख्रिस्ताची आगाऊ चाहूल मानली जातात, त्यांना प्रतिरूपं म्हणतात. त्यांवरचा माझा पहिला निबंध योसेफावर होता, भावांनी मिसरात विकलेल्या याकोबाच्या मुलावर. वहीत दोन रकाने आखले, डावीकडे योसेफ, उजवीकडे येशू. दोघांनाही आपल्याच माणसांनी नाकारलं, दोघेही चांदीच्या नाण्यांना विकले गेले, एक खड्ड्यातून वर आला, दुसरा कबरेतून. बघता बघता पान भरलं आणि मी खूश झालो. मार्गदर्शकांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं, "तिसरा रकाना कुठे आहे?" म्हणजे फरकाचा.

आधी राग आला, मग भरायला बसलो. योसेफ 20 नाण्यांना विकला गेला, येशू 30 ला. मी नुसतं 'चांदीची नाणी' लिहून आकडा गिळला होता. उत्पत्तीच्या 47व्या अध्यायात तर दुष्काळात धान्याच्या मोबदल्यात योसेफ मिसरी लोकांची गुरं, जमिनी आणि अखेर ती माणसंही फारोच्या मालकीची करून टाकतो. हे कुणाशी जुळवायचं? शिवाय नव्या करारात योसेफाला प्रतिरूप म्हटलेलं कुठेच नाही. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन हा येशूचा अनुयायी आपल्या भाषणात योसेफाच्या भावांच्या मत्सराची आठवण काढतो आणि ऐकणाऱ्यांवर रोख ठेवतो, त्यापलीकडे काही नाही.

म्हणून नवख्यांना माझं सांगणं असं की सुरुवात योसेफापासून करू नका, आदामापासून करा. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात प्रेषित पौल त्याला येणाऱ्याचा, म्हणजे ख्रिस्ताचा, 'टुपोस' म्हणतो. हा मूळ ग्रीक शब्द ठोकून उमटलेल्या खुणेचा, ठशाचा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा याला ज्या खिळ्यांच्या खुणा बघायच्या असतात, तिथेही हाच शब्द आहे. मराठीत एकीकडे 'प्रतिरूप' आणि दुसरीकडे 'खूण' वाचताना हे नातं दिसत नाही, तेव्हा ग्रीक शब्दकोश हाताशी असू द्या. आणि पौल करतो काय? आदाम आणि ख्रिस्त यांची तुलना सुरू करतो आणि लगेच म्हणतो, पण तसं नाही. एकाच्या अपराधाने मरण, एकाच्या कृपेने जीवन. इथे प्रतिरूप उभं आहे ते साम्यापेक्षा विरोधावर.

मलकीसदेकाने मला सगळ्यात जास्त दमवलं, आणि सगळ्यात जास्त आनंदही त्यानेच दिला. उत्पत्ति 14 मध्ये त्याच्या वाट्याला तीनच वचनं आहेत. शालेमचा राजा, परात्पर देवाचा याजक, भाकर आणि द्राक्षारस घेऊन येतो, अब्राहामाला आशीर्वाद देतो, आणि गायब. पुढे 110व्या स्तोत्रात एका ओळीत डोकावतो. एवढ्यावर इब्री लोकांस पत्राचा लेखक अख्खा 7वा अध्याय उभा करतो. त्याचा आधार मजकुरात काय नाही, हा आहे. उत्पत्तीत जिथे तिथे वंशावळी, आणि या माणसाचा बाप नाही, आई नाही, जन्म नाही, मरण नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही वकिली हुशारी वाटली. आता वाटतं की मौनही मजकुराचाच भाग मानणारा तो वाचक होता.

प्रतिरूप आणि रूपक यांच्यातली भिंत फार पक्की मानू नका. पाठ्यपुस्तकं सांगतात की प्रतिरूपात घटना खरी धरली जाते आणि रूपकात ती नुसतं निमित्त असते. सोयीचं आहे, पण गलतीकरांस पत्रात अब्राहामाची दासी हागार आणि बायको सारा यांच्याबद्दल बोलताना खुद्द पौल रूपकाचंच क्रियापद वापरतो. परीक्षेत मी ती भिंत नीट बांधून गुण मिळवले. नंतर पाडली.

अब्राहाम ज्याचा बळी द्यायला निघाला होता त्या इसहाकाकडे, त्याच्या मुलाकडे, याल तेव्हा घाई करू नका. लाकडं स्वतः वाहणारा मुलगा म्हणजे क्रूस वाहणारा पुत्र, हे जुळवणं सोपं. पण दुसऱ्या शतकातल्या सार्दीसच्या मेलितो या बिशपने तेव्हाच नोंदवलंय की ख्रिस्ताने दुःख सोसलं, इसहाकाने सोसलं नाही. तिसरा रकाना माझ्या मार्गदर्शकांनी शोधलेला नव्हता तर! आणि हे लक्षात असू द्या की यहुदी परंपरेत हीच कथा नववर्षाच्या सणाला वाचली जाते, तिचा तिथला अर्थ तिचा स्वतःचा आहे. ख्रिस्ती अर्थ लिहिताना 'खरा अर्थ हाच' असं वाक्य माझ्याकडून बरेचदा निसटलंय. ते खोडायची सवय लागायला वर्ष गेलं.

मोशेने रानात उंच केलेला पितळेचा साप आणि माशाच्या पोटात गेलेला योना सोपे आहेत. शुभवर्तमानांत येशूच्याच तोंडी त्यांचं नाव येतं, पटकन उरका.

राहाबेची लाल दोरी मात्र अजून माझ्या वहीत पेन्सिलीत आहे. राहाब म्हणजे इस्राएली हेरांना लपवणारी यरीहोची बाई, आणि दोरी म्हणजे तिने खुणेसाठी खिडकीला बांधलेली. नवा करार राहाबेच्या विश्वासाचं आणि कृतीचं कौतुक करतो, दोरीचा उल्लेखही नाही. पण पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या, क्लेमेंताच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या पत्रात तीच दोरी प्रभूच्या रक्ताची खूण ठरते. म्हणजे वाचन इतकं जुनं, आणि नव्या करारातला आधार शून्य. पहिला रकाना भरलाय, दुसरा भरलाय. तिसऱ्यात सध्या फक्त एक प्रश्नचिन्ह आहे, ते मी दोनदा खोडून पुन्हा काढलंय.