ईसीजी नॉर्मल, तरी धडधड: पॅनिक अटॅक आला तर काय करायचं

सोलापूरच्या नव्या पेठेत, बाजाराच्या ऐन गर्दीत छाती धडधडायला लागते, घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात, आता काही आपण वाचत नाही असं वाटतं. घरचे रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. ईसीजी नॉर्मल येतो. 'गॅस चढला असेल', 'बीपी लो झालं असेल' म्हणत एक सलाईन लागतं आणि अर्ध्या तासात माणूस उठून बसतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

सलाईननं बरं वाटलं, हाच यातला मोठा गैरसमज. हा बहुधा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारा तीव्र भीतीचा झटका असतो. तो साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा २० ते ३० मिनिटांत आपोआप ओसरतो. रिक्षा मिळून, नंबर लागून, सुई टोचेपर्यंत तो उताराला लागलेलाच असतो. श्रेय मात्र बाटलीला जातं. कुणी लिंबू उतरवलं तर लिंबाला.

तरी पहिल्यांदा असं झालं तर आधी हृदयच तपासायचं. छातीतलं दडपण चालताना किंवा जिना चढताना वाढतंय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, वय चाळिशीच्या पुढं आहे, साखर, बीपी किंवा तंबाखू आहे, यातलं एकही असेल तर घरी प्रयोग नकोत, १०८ ला फोन करा. एक ईसीजी चांगला आला म्हणजे विषय संपला असंही नाही. डॉक्टर पुन्हा ईसीजी किंवा रक्ततपासणी सांगतील, ती करून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखरही बघून घ्यावी, कारण तिन्हींतल्या बिघाडानं धडधड होते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली यंत्रमाग चालवणाऱ्याला पाणी आणि मीठ कमी पडूनही असंच होतं. त्याला सावली आणि ओआरएस लागतं. अंग भाजतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात. अंगावर पाणी मारत १०८ ची वाट बघायची.

हे सगळं निस्तरलं की मग अटॅककडे वळू.

अटॅकमध्ये माणूस भरभर श्वास घेतो. त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून मुंग्या, चक्कर, ओठ बधिर होणं सुरू होतं. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. म्हणून शेजारी कळवळून 'खोल श्वास घे, खोल श्वास घे' म्हणतात, तेव्हा ते आगीत तेल ओततात. करायचं ते असं: आहात तिथंच दुकानाच्या पायरीवर बसा, गाडी चालवत असाल तर कडेला घ्या. घड्याळात वेळ बघा. एक हात पोटावर ठेवा. नाकानं, छाती न फुगवता, मनात चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. पाच मिनिटं. श्वास सोडणं लांबवायचं, घेणं नाही. कागदाची किंवा प्लास्टिकची पिशवी तोंडाला लावू नका. खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर ते घातक ठरतं. घरच्यांपैकी एकानंच जवळ बसावं आणि शांतपणे म्हणावं, 'हा अटॅक आहे, उतरेल, मी इथंच आहे.' कांदा हुंगवणं, तळपाय चोळणं, चौघांनी मिळून वारा घालणं नको.

शक्यतो जागा सोडू नका. पळून घरी गेलात की मेंदू टिपून ठेवतो: नवी पेठ धोक्याची, घर सुरक्षित. पुढच्या वेळी अटॅक रिक्षातच सुरू होतो. मग पेठ बंद, एसटी बंद, लग्नकार्य बंद. खरा आजार इथं वाढतो, भीतीच्या भीतीनं.

त्यावर उपाय पायऱ्यांचा. टाळत असलेल्या जागा वहीत लिहा आणि प्रत्येकीला ० ते १० मध्ये भीतीचे गुण द्या. तीन गुणांपासून सुरुवात करा. सकाळी दुकानं उघडायच्या आधी पेठेतून एक फेरी. मग दुपारी कुणाला तरी घेऊन. मग दुपारी एकट्यानं. मग रविवारी संध्याकाळी. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतला होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा, आणि सगळ्यात वर त्याच यात्रेतला संमती कट्ट्याजवळचा तुडुंब गर्दीचा अक्षता सोहळा. प्रत्येक ठिकाणी भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. त्याला २० मिनिटं लागतील, कधी ४५. आठवड्यातून चार-पाच दिवस तरी करायचं; महिन्यातून एकदा केलं तर दरवेळी श्रीगणेशाच होतो. बहुतेकांचं फसतं ते खिशातल्या गोळीमुळं. सोबत गोळी, पाण्याची बाटली आणि नवरा असेल तर 'यांच्यामुळं वाचले' एवढंच मेंदू शिकतो, म्हणून एकेक आधार सोडत जायचं.

धडधडीचीच धास्ती असेल तर घरी जागच्या जागी एक मिनिट धावा आणि काही न करता ती धडधड उतरताना बघा. हृदयविकार, दमा, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चहा दिवसाला दोन कप, तोही दुपारच्या आत. रात्रपाळीवाल्यांनी पाळी सुरू होतानाच घ्यावा, पहाटे नाही. माव्यातल्या तंबाखूनं नाडी वाढते, हे माहीत असूनही तो 'टेन्शन कमी करायला' खाल्ला जातो.

महिन्याभरात फरक नसेल किंवा घराबाहेर पडणंच थांबलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सिव्हिलमध्येही, म्हणजे सरकारी रुग्णालयातही, हा विभाग आहे. एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या औषधगटातल्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात धडधड थोडी वाढू शकते, म्हणून डॉक्टर कमी डोसनं सुरुवात करतात; नेमक्या याच आठवड्यात 'औषध सोसलं नाही' म्हणून लोक ते सोडतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलम ही शामक गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. लगेच आराम पडतो, तसाच तिचा नादही लागतो.

जायला संकोच वाटत असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीबरोबर तेलुगू-कन्नडमध्येही बोलता येतं, म्हणजे शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीलाही स्वतःच्या भाषेत सांगता येईल. जगणं नको असं मनात येत असेल तर याच नंबरवर आजच बोला आणि घरात कुणाला तरी सांगा.

महिने चांगले गेल्यावर एखादा अटॅक परत येऊ शकतो. तेव्हा पायऱ्यांची वही काढायची आणि जिथं अडलं त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करायची.